‘उद्गम’ वापरून बघितलं: आत्तीचं जुनं खातं सापडलं, पण पैसे कुणाचे?

बँकांत वर्षानुवर्षं पडून राहिलेले, कुणी न मागितलेले पैसे शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलला माझ्याकडून पाचात साडेतीन तारे. पोर्टल फुकट आहे, चालतं, आणि जेवढं कबूल करतं तेवढं करतं. दीड तारा का कापला ते पुढं येईलच. त्याआधी एक सांगतो. हे वाचून आपलेही कुठं अडकलेले लाखभर निघतील म्हणून मोबाईल घेऊन बसणार असाल तर जरूर बसा. पण पैसे सापडले म्हणजे ते तुमचे झाले असं नाही. मला सापडले, बँकेनं माझ्याच खात्यावर जमा केले, आणि तरी त्यातला एक रुपयाही माझा नव्हता.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण. सासर मंगळवार पेठेतलं. नवरा पस्तिशीत गेला, मूलबाळ नाही. काही वर्षं दीर-जावेबरोबर काढली, मग 2002 ला रिटायर झाल्यावर आमच्याकडं आली ती शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिली. 2017 ला गेली. पेन्शनचं खातं आम्हाला ठाऊक होतं, ते तेव्हाच मिटवलं. पण ती अधूनमधून म्हणायची, ‘माझं पगाराचं जुनं खातं आहे रे, त्यात थोडं राहिलंय.’ कुठल्या बँकेत विचारलं की दोन नावं सांगायची, तिसऱ्यावर अडायची, आणि मग चहाचं काढायची.

तिची ट्रंक छापखान्याच्या मागच्या खोलीत होती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर सगळं पाण्यात. कागदाचा धंदा करणाऱ्याला पूर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ट्रंकेतल्या पासबुकांचा लगदा झाला होता. हाती राहिली ती तिच्या सर्व्हिस बुकाची घरी ठेवलेली झेरॉक्स आणि प्लास्टिकच्या पिशवीतली एका पतसंस्थेची ठेव पावती. एवढ्यावरनं खातं शोधायचं होतं.

आता पोर्टल. रिझर्व्ह बँकेनं ते 17 ऑगस्ट 2023 ला सुरू केलं. तेव्हा त्यात फक्त सात बँका होत्या, मार्च 2024 पर्यंत तीस झाल्या. रकमेच्या हिशेबानं पडून राहिलेल्या ठेवींपैकी 90 टक्क्यांच्या आसपास ठेवी या तीस बँकांत आहेत, त्यामुळं आधी इथं शोधावं हे बरोबरच. मागची व्यवस्था अशी: बचत किंवा चालू खात्यावर दोन वर्षं ग्राहकानं काही व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं की त्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. हा ठेवीदारांचा निधी 2014 पासूनचा आहे. तिथं गेले म्हणजे सरकारनं गिळले, असं आमच्या पेठेत बरेच लोक समजतात. तसं नाही. खातेदार किंवा त्याचे वारस कधीही मागू शकतात, मुदत नाही. मागायचे मात्र बँकेकडंच. बँक आपल्याला देते आणि मग रिझर्व्ह बँकेकडून परत घेते.

वापरायला सोपं आहे. मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, व्यक्ती की संस्था ते निवडा, नाव लिहा, बँक निवडा. सगळ्या बँका एकदम निवडता येतात, आणि ज्याला बँक माहीत नाही त्याच्यासाठी हीच सगळ्यात मोलाची सोय आहे. मग पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन, पासपोर्ट, जन्मतारीख यांतलं जे असेल ते द्यायचं. काहीच नसेल तर पत्त्यावरनंही शोधता येतं. आत्तीचं पॅन कार्ड होतं, पण ते पगाराच्या खात्याला जोडलेलं असायची शक्यता नव्हती. त्या काळात कोण जोडत होतं. म्हणून सर्व्हिस बुकातली जन्मतारीख घेतली.

नावाच्या बाबतीत मात्र माझा धंदा कामाला आला. लग्नपत्रिका छापणाऱ्याला एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं किती तऱ्हेनं होतात ते पाठ असतं. जुन्या बँकेतल्या कारकुनानं खातं उघडताना कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं असतं: डबल ए की सिंगल, व्ही की डब्ल्यू, शेवटी ई लावलाय की वाय. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव, सासरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हे सगळं आणखी. आत्तीची नोकरी लग्नाआधीची. म्हणून माहेरच्या नावानंही टाकून बघितलं आणि तिथंच सापडली! पहिल्या नावात एक एच जास्त होता. निकालात नाव, बँक आणि एक लांबलचक ओळख क्रमांक आला. रक्कम दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर गल्लीतल्या कुणीही कुणाचाही हिशेब काढला असता. तो क्रमांक लिहून घ्या, बँकेत तोच विचारतात.

बँकेचं नाव बघून मात्र घरात सगळे चक्रावले, कारण आत्तीनं हे नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. तिची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. आपल्या भागात हा प्रकार इतका आहे की जरा सविस्तर लिहितो. सांगली बँकेचं पासबुक असेल तर ते खातं आता आयसीआयसीआयमध्ये शोधायचं, ती एप्रिल 2007 मध्ये तिकडं गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. बँक ऑफ कराड 1994 मध्ये बँक ऑफ इंडियात. रत्नाकर बँक तर आपल्या कोल्हापुरातली, 1943 ची. ती आता आरबीएल या नावानं आहे. विजया आणि देना 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदा. सिंडिकेट म्हणजे आता कॅनरा, आंध्रा आणि कॉर्पोरेशन म्हणजे युनियन बँक, ओरिएंटल म्हणजे पंजाब नॅशनल, अलाहाबाद म्हणजे इंडियन बँक. ही चारही विलीनीकरणं 1 एप्रिल 2020 ची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘बँकेचं नाव काय’ असं विचारू नका, ‘बँक कुठल्या चौकात होती, शेजारी काय होतं’ असं विचारा. ते त्यांना पक्कं आठवतं. आत्तीची कुठली होती ते लिहीत नाही, कारण पुढं शाखेतला प्रसंग येणार आहे.

आता कापलेले तारे. कोल्हापूर जिल्ह्यात माणसाचे पैसे असतात कुठं? सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत. सोसायटीचं बिल, दूध संस्थेचं बिल, कारखान्याच्या उसाचं बिल, सगळं तिकडनं फिरतं. उद्गमवर आहेत त्या मुख्यतः मोठ्या बँका. पेठेपेठेतल्या नागरी सहकारी बँका तुम्हाला तिथं दिसणार नाहीत. त्या बँकांची यादी त्यांच्या वेबसाईटवर किंवा शाखेत जाऊन बघायची. पतसंस्था तर कायद्यानं बँकच नाही, तिचा त्या निधीशी काही संबंध नाही. एक तारा त्यासाठी गेला. रिझर्व्ह बँक म्हणेल तो आमचा प्रांत नाही, आणि ते खरंही आहे, पण तारे मी माझ्या सोयीनं देणार. उरलेला अर्धा दोन ते दहा वर्षांच्या मधल्या खात्यांसाठी. खातं बंद पडल्यासारखं आहे पण दहा वर्षं झालेली नाहीत, तर ते पैसे अजून बँकेतच असतात आणि पोर्टलवर येत नाहीत. शोधलं, काही आलं नाही, म्हणजे काही नाहीच, असं समजून गप्प बसलात तर फसाल.

मधे एक एजंट भेटला. अशी माणसं आता बरीच झाली आहेत. बेवारस पैसे काढून देतो, वीस टक्के घेतो, आधी पाच हजार फॉर्म फी. लक्ष्मीपुरीत त्याच्या ऑफिसात गेलो तर भिंतीवर शेअर बाजाराचं कॅलेंडर आणि टेबलावर तीन मोबाईल. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘नॉमिनी कोण?’ तेव्हा मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, ‘नॉमिनी तुम्ही असाल तर विषय संपला की. नॉमिनी म्हणजे मालक.’ हे वाक्य इतक्या ठामपणे बोलला की मी तिथल्या तिथं सही केली असती. पण आमच्या छापखान्यात वकिलांच्या नोटिसा, लेटरहेड छापायला येतात. त्यातले एक जुने गिऱ्हाईक कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दिवाणी बाजू बघतात. म्हटलं आधी त्यांना विचारू.

त्यांनी चहा सांगितला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. मालक वारस. बँकेला एकाच माणसाच्या हातात पैसे देऊन मोकळं होता यावं म्हणून नॉमिनी असतो.’ सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या बाबतीत हे 1984 लाच सांगितलंय, बँकेच्या ठेवींबाबत 2010 मध्ये, आणि शेअरच्या बाबतीत 14 डिसेंबर 2023 ला. हा शेवटचा निकाल ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या खटल्यातला. ज्यांचं कॅलेंडर महाराष्ट्राच्या घराघरात लागतं त्यांच्या घरातही हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला, मग माझ्यासारख्याचं काय.

मग वारस कोण? मी म्हटलं, आत्तीला मूल नाही, नवरा नाही, पंधरा वर्षं आम्ही सांभाळली, म्हणजे आम्हीच की. वकीलसाहेब नुसतेच हसले. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956, कलम 15. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. त्यानंतर आई-वडील, त्यानंतर वडिलांचे वारस. म्हणजे भाचा या नात्यानं माझा नंबर चौथ्या पायरीवर, आणि दुसऱ्याच पायरीवर कुणी जिवंत असेल तर माझ्यापर्यंत काही येतच नाही. सांभाळलं कुणी, औषधपाणी केलं कुणी, याला या रांगेत जागा नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिला पटेना. ‘तिच्या पगाराचे पैसे, आणि सासरच्यांना?’ तिचा राग मला समजतो, आणि तो तिच्या एकटीचा नाही. या कलमावर सर्वोच्च न्यायालयात आव्हानं गेली आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयानं बायकांना मृत्युपत्र करून ठेवा असंही सुचवलं. आत्तीनं एका कागदावर दोन ओळी लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर हा सगळा फेरा झाला नसता. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही.

याला एक अपवाद आहे, आणि आमच्या भागात तो कामाचा आहे. बाईला जी मालमत्ता आई-वडिलांकडून वारसानं आली असेल, ती तिला मूल नसेल तर परत वडिलांच्या वारसांकडं जाते. कागल तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागं आत्तीचंही नाव लागलेलं. तो तिचा हिस्सा आमच्याकडं आला. म्हणजे एकाच बाईच्या दोन वस्तू: रान माहेरी आलं, पगार सासरी गेला. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेलं असतं तर ते सासरीच राहिलं असतं. यासाठी कुठलं पोर्टल नाही, वकीलच लागतो.

‘मग आता नवऱ्याचे वारस कोण?’ वकिलांनी कागद घेऊन झाडच काढलं. नवऱ्याचे आई-वडील नाहीत, दीर आत्तीच्या आधी गेला, नणंदही आधी गेली. मग भावाची मुलं आणि बहिणीची मुलं, सगळे एकाच पायरीवर, सारख्या वाट्याचे. दिराचे दोन मुलगे, दोघं इचलकरंजीत यंत्रमागावर. नणंदेची एक मुलगी गडहिंग्लजला. तीन वाटे. ते म्हणाले, ‘ती पोरगी विसरू नका हं. पोरं तिला सांगणार नाहीत.’ किती घरांची भांडणं बघितली असतील त्यांनी!

एजंटाकडं परत गेलो नाही.

शाखेत गेलो ते सगळे कागद घेऊन: मृत्यूचा दाखला, माझं आधार आणि पॅन, पोर्टलवरचा क्रमांक, सर्व्हिस बुकाची झेरॉक्स, माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं असल्याचं शपथपत्र. संगणकावर नॉमिनी म्हणून माझंच नाव निघालं. आत्तीनं मी कॉलेजात असताना घातलेलं. पण काउंटरवरच्या साहेबांनी मान हलवली. ‘दहा वर्षांच्या वरचं आहे, रिझर्व्ह बँकेकडं गेलंय. कोर्टाचा वारस दाखला आणा.’ हे चुकीचं आहे. नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, बँकेनं वारस दाखला, प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहर) किंवा जामीनदार मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 9 जून 2005 च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. त्याची प्रत माझ्या खिशात होती, वकिलांनी दिलेली. साहेबांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि मॅनेजरकडं नेली. मॅनेजर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, ‘बसा काका, फॉर्म भरून घेऊ.’ तिथनं पुढं काही अडलं नाही. या बाईंना मी पाच तारे देतो, पण त्या पोर्टलच्या खात्यात धरता येत नाहीत.

नॉमिनी नसता तर? हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, कारण जुन्या खात्यांवर नॉमिनी घातलेलाच नसतो. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 मध्ये यासाठी नवे नियम काढले आणि 31 मार्च 2026 पर्यंत ते लागू करायला बँकांना सांगितलं. नॉमिनी नसेल तरी 15 लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, सोपी पद्धत: दाव्याचा फॉर्म, हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना-हरकत. कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत निकाल लावायचा, उशीर केला तर बँकेनं भरपाई द्यायची. त्याहून मोठी रक्कम असेल तर मात्र बँक कोर्टातलं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते. त्यात पेपरात जाहीर नोटीस येते, हरकतीची मुदत असते, वेळ जातो. आणि तलाठ्याकडची वारस नोंद म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. ती सातबाऱ्यासाठी. हा गोंधळ मी शाखेत माझ्या पुढच्या माणसाला करताना बघितला, बिचारा मुरगूडवरनं आला होता.

शाखांनी उत्साहानं काम करावं म्हणून 1 ऑक्टोबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 या वर्षात अशी खाती मार्गी लावणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँक बक्षिशी देते आहे. कुणी टाळाटाळ केली तर हळूच आठवण करून द्या.

पैसे आले. निधीत गेले तेव्हा 41,000 होते. निधीतल्या व्याजाचा दर आधी 4 टक्के होता, 1 जुलै 2018 पासून साडेतीन, 11 मे 2021 पासून 3 टक्के, तेही सरळव्याज. असे मिळून 57,000 च्या आसपास. व्याज फार नाही, पण शून्य असेल असं धरून चाललो होतो.

इचलकरंजीला फोन केला. दिराचा थोरला मुलगा आला, गाडीवरनं, अंगावर सूताचा भुगा तसाच. आत्तीच्या तेराव्यानंतर आम्ही भेटलोही नव्हतो. ‘काय पाव्हणं, बोलावलंसा?’ मी सगळं सांगितलं, कागदावरचं झाड दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. मला वाटलं म्हणेल, तुम्ही सांभाळलं, तुम्ही ठेवा. तसं काही म्हणाला नाही. ‘आमचे किती होतात?’ एकेकाचे 19,000. ‘आणि गडहिंग्लजची ताई?’ त्यानंच विचारलं. वकिलांचा अंदाज तिथं चुकला. तिघांना चेक दिले, माझ्याच छापखान्यातल्या पावती पुस्तकावर सह्या घेतल्या. त्यांनी घेतले, आणि घ्यायलाच हवे होते. बायको अजून या विषयावर बोलत नाही.

उद्गमच्या बाहेरचं थोडं, कारण एकदा शोधायला लागलं की माणूस सगळंच धुंडाळतो. कंपन्यांचा लाभांश सलग सात वर्षं घेतला नाही तर तो आणि त्याचे शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तिथला अर्ज आयईपीएफ-5. ऑनलाइन भरून कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडं पाठवायचे, कंपनी पडताळणी करून कळवते, मग निधीवाले मंजूर करतात. शेअर डिमॅटमध्येच परत येतात, म्हणून वारसाचं डिमॅट खातं आधी उघडून ठेवा. इथं नाव, सही, पत्ता यांतला फरक फार बारकाईनं बघतात. म्हणून एजंट सगळ्यात जास्त इथंच पोसले जातात. धीर असेल तर स्वतः होतं.

विम्याचं मात्र घड्याळ आहे. पॉलिसीचे न मागितलेले पैसे दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तिथं गेल्यापासून 25 वर्षांत मागितले नाहीत तर सरकारजमा. बँकेसारखी ‘कधीही या’ अशी सवलत तिथं नाही. पोस्टाच्या आणि पीपीएफच्या पडून राहिलेल्या खात्यांचे पैसेही याच निधीत जातात. कपाटात जुनी एलआयसीची पॉलिसी असेल तर ती आधी बघा, बँक नंतर.

आणि वारसच नसेल तर? तेव्हा मालमत्ता सरकारची. उत्तराधिकार कायद्याच्या कलम 29 मध्ये ते आहे, आणि ती मालमत्ता सरकार तिच्यावरच्या कर्जासकट घेतं. शेतजमीन असेल आणि खातेदार बिनवारस, बिनमृत्युपत्राचा गेला, तर जिल्हाधिकारी ताब्यात घेतात आणि एकेका वर्षाच्या खंडानं कसायला देऊ शकतात. तीन वर्षांच्या आत कुणी हक्क सांगितला तर चौकशी करून त्याला देतात. तेव्हा गावात ‘सरकारनं बळकावलं’ म्हणून ओरड होते तिथं आधी ताब्याची तारीख विचारावी. आमच्या गल्लीत एक ब्रह्मचारी घड्याळजी वारले तेव्हा पेठेतल्या निम्म्या लोकांना ते आपले मामा असल्याचं आठवलं होतं.

प्लास्टिकच्या पिशवीतली पतसंस्थेची पावती राहिली. त्या संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी-घेणी मिटवणारा अधिकारी, नेमलेला आहे. तिथं उद्गम नाही, रिझर्व्ह बँक नाही, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचं ऑफिस आहे. पावतीवर नॉमिनी कुणीच नाही, त्यामुळं अर्ज इचलकरंजीच्या दोघांनी आणि गडहिंग्लजच्या ताईंनी मिळून करायचा होता. मी टाईप करून दिला, तिघांच्या सह्या झाल्या, अवसायकांच्या ऑफिसातनं पोच घेतलीय. मूळ पावती दिलेली नाही, झेरॉक्सवरच शिक्का मारून घेतला.